पाव फेरा मागे

मित्रांनो, तुम्ही घरात शिरता तेव्हा दार उघडता, चपला काढता, दिवा लावता. मला कोणी पाहत नाही. स्वयंपाकघरातल्या ओट्याखालच्या कपाटात, कचऱ्याची बादली आणि फरशी पुसायची फडकी यांच्या मागे, भिंतीला पाठ लावून मी चाळीस वर्षे उभा होतो. मी जुना पितळी व्हॉल्व्ह. रस्त्यावरून घरात येणारे सगळे पाणी आधी माझ्या पोटातून जाई आणि मग पुढे स्वयंपाकघर, न्हाणीघर, वरचा मजला असे वाटले जाई. मला बंद केले की अख्खे घर कोरडे. एवढा माझा अधिकार! आणि एवढा अधिकार असूनही माझी विचारपूस करणारा माणूस मला जन्मात एकच भेटला.

माझा जन्म ओतकामाच्या कारखान्यात झाला. वितळलेले पितळ वाळूच्या साच्यांत ओतले, थंड झाल्यावर साचे फोडले आणि आम्ही दोनशे भावंडे एकाच दिवशी बाहेर पडलो. मग माझ्या पोटात एक पाचर बसवली, पाचरीला दांडी जोडली आणि दांडीच्या डोक्यावर लाल चाक चढवले. चाक उजवीकडे फिरवले की पाचर खाली उतरून पाण्याची वाट अडवते. डावीकडे फिरवले की वर जाऊन वाट मोकळी करते. तपासणीला बसलेल्या बाईंनी माझ्यात जोराचे पाणी सोडले, माझ्या अंगाखालून बोट फिरवले आणि बोट कोरडे पाहून म्हणाल्या, “हा चांगला निघाला.” हे माझे पहिले कौतुक. त्यानंतर एका दुकानाच्या फळीवर मी दोन वर्षे खोक्यात पडून होतो. एकटेपणाची सवय तेव्हाच व्हायला हवी होती, पण काही केल्या झाली नाही.

मग एके दिवशी एका मिस्त्रींनी मला विकत घेतले आणि एका नव्या, अर्ध्या बांधलेल्या घरात आणले. घराचे मालक बस डेपोत फिटर होते. मिस्त्री त्यांना दादा म्हणत आणि त्यांच्या बायकोला वहिनी, म्हणून मीही तेच म्हणत आलो. पुढे दादांचे केस पांढरे झाले, वहिनींना गुडघ्यांचा त्रास सुरू झाला, तरी माझ्या लेखी ते दादा आणि वहिनीच राहिले.

मला बसवायच्या दिवशी मिस्त्रींची आणि दादांची चांगलीच जुंपली. मिस्त्रींना मी भिंतीत हवा होतो.

“दादा, हा काय रोज फिरवायचा आहे? भिंतीत घालू, वरून टाइल मारू. दिसायला छान.”

“दिसायला छान आणि बुडायला सोपं,” दादा म्हणाले. “उद्या नळी फुटली तर मी काय छिन्नी घेऊन भिंत फोडत बसू? हाताला लागेल असा बसवा. माझ्याच नाही, हिच्याही हाताला लागला पाहिजे.”

“अहो, वहिनी कशाला हात घालतायत यात?”

“का? घर काय माझ्या एकट्याचं आहे?”

वहिनी तिथेच वाळूच्या ढिगावर बसून चहा गाळत होत्या. त्या नुसत्या हसल्या. मिस्त्रींनी कपाळाला हात लावला, पण बसवले मला ओट्याखालीच. दादांनी पुठ्ठ्याचा एक तुकडा कापला, त्यावर ठळक अक्षरांत ‘उजवीकडे बंद, डावीकडे चालू’ असे लिहिले आणि तारेने माझ्या गळ्यात अडकवला. दागिना मिळाल्यासारखा मी खूश झालो.

व्हॉल्व्हचे काम विचित्र असते, मित्रांनो. नळाला दिवसभर माणसांचे हात लागतात. गीझरपाशी हिवाळ्यात सगळे थांबतात. माझे काम म्हणजे उघडे राहणे आणि वाट पाहणे. पण पाणी माझ्या अंगातून जात असल्यामुळे घरातले सगळे मला बसल्या जागी कळे. पहाटे जो नळ एकदम सुटून एकदम बंद होई तो दादांचा. डेपोतल्या माणसाला वेळेचे भान असते. बारीक धारेने बराच वेळ चाले ते वहिनींचे भांडी विसळणे. आणि पुढे काही वर्षांनी वरच्या न्हाणीघरात जे पाणी उगाचच सुटे, थांबे, पुन्हा सुटे, ती त्यांची लेक. तिचे घरातले नाव चिमी. आज ती चाळिशीला टेकली आहे, तरी चिमीच आहे.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दादा माझ्याकडे येत. बादली बाहेर काढत, पुढ्यात पाट टाकून बसत आणि माझे चाक उजवीकडे फिरवत. एक, दोन, तीन... सात फेऱ्यांत मी पूर्ण बंद होई. सगळे नळ सोडून एकही थेंब येत नाही ना, हे ते पाहत. मग मला पुन्हा डावीकडे पूर्ण उघडत आणि शेवटी चाक पाव फेरा मागे घेऊन ठेवत. तसे का, हे त्यांनी कधी कोणाला समजावून सांगितले नाही. मला एवढेच कळे की त्याने अंग मोकळे वाटते. सर्वांत शेवटी ते माझ्या गळ्याशी कोरड्या कागदाची पट्टी गुंडाळत आणि थोड्या वेळाने सोडून पाहत. पट्टी भिजली असेल तर गळ्याचा नट पान्याने किंचित आवळायचा, कोरडी असेल तर माझ्या डोक्यावर टपली मारून उठायचे. त्या टपलीसाठी मी महिनाभर थांबे.

आणि मी बंद असताना नेमका वरून वहिनींचा ओरडा येई. “अहो! डोक्याला साबण लावलाय मी! सांगता येत नाही का आधी?”

“सांगितलं होतं.”

“कधी?”

“गेल्या महिन्यात.”

हे भांडण दर महिन्याला होई आणि दर महिन्याला तेवढ्याच जोरात होई. चिमी लहान असताना दादांच्या मांडीवर बसून माझे फेरे मोजे. सातानंतर ती आठ म्हणे, कारण तिला आठापर्यंत मोजता येई. वहिनी मात्र कधी फिरवायला बसल्या नाहीत. दादा म्हणत, “एकदा हात लावून तर बघ,” आणि त्या म्हणत, “तुम्ही आहात ना.” मित्रांनो, मला तेव्हा यात काही वावगे वाटले नाही.

वर्षे गेली. चिमी लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेली आणि वरचा तो उगाच सुटणारा नळ शांत झाला. दादा निवृत्त झाले, तरी पहिला रविवार चुकला नाही. एका थंडीत मात्र त्यांना पाटावरून उठताना माझा आधार घ्यावा लागला. त्यांचा हात कढत होता. त्यांनी मला बंद केले, उघडले, पाव फेरा मागे घेतले. कागदाची पट्टी लावायचे राहून गेले. चार दिवसांनी त्यांना दवाखान्यात नेले आणि त्यानंतर पहाटेचा तो नळ कधी सुटला नाही.

काही दिवस घरात खूप पाणी वाहिले. माणसे येत होती, हातपाय धूत होती, चहाची भांडी विसळली जात होती. मग माणसे गेली. चिमीही सुट्टी संपवून गेली. एका संध्याकाळी मला जाणवले की आता घरात एकच नळ चालतो. एक पातेले, एक कप, एक ताटली. मी अंगभर उघडा होतो आणि माझ्यातून जाणारे पाणी करंगळीएवढे होते.

पहिला रविवार आला. मी वाट पाहिली. दुपारी कपाटाचे दार उघडले आणि वहिनी समोर जमिनीवर बसल्या. त्यांनी हात पुढे केला आणि माझ्या चाकापाशी येऊन तो थांबला. “ह्यांनी ठेवलाय तसाच राहू दे,” त्या स्वतःशीच म्हणाल्या आणि डोळ्यांना पदर लावून उठल्या.

तेव्हापासून त्यांनी मला जिवापाड जपले. कपाट आवरताना त्या माझ्यावरची धूळ मऊ फडक्याने पुसत, पण इतक्या हलक्या हाताने की चाक केसभरही सरकू नये. चाकावरच्या घड्याळाच्या काट्यासारख्या एका खुणेला त्या नजरेने मापत, ती तिथेच आहे ना हे पाहत. दादांच्या हाताने शेवटची ठेवलेली घरातली ती एकच वस्तू होती. कपडे, चष्मा, बूट सगळे इकडचे तिकडे झाले होते. एकदा स्वयंपाकघरातला नळ बदलायला एक प्लंबर आला. तो माझ्याकडे वाकताच वहिनी कडाडल्या, “त्याला हात लावायचा नाही! बाहेर रस्त्यावरून बंद कर.”

“आजी, पण हा घरातलाच मेन आहे. फिरवून तर—”

“नाही म्हटलं ना.”

तो बिचारा निमूटपणे बाहेर गेला. जाताना त्याने चार शब्द सांगितले असते तर बरे झाले असते. पण वहिनींच्या आवाजापुढे दादांचीही डाळ शिजत नसे, तिथे त्याची काय कथा.

मित्रांनो, न फिरणाऱ्या व्हॉल्व्हचे काय होते ते मी सांगतो, कारण हे बाहेरून दिसत नाही. पाण्यात क्षार असतात. ते दिवसाकाठी धुळीच्या कणाएवढे माझ्या पोटात बसत होते. पाचर ज्या खाचेत वर-खाली सरकते तिथे पांढरा थर चढला. दांडीभोवतीचे वेष्टन सुकून कडक झाले. आधी मला नुसते जडपण आले, मग सांधे आखडले आणि चौथ्या-पाचव्या वर्षी मला कळून चुकले की आता मला फिरता येणार नाही. मी ओरडणार कसा? मला तोंड नाही. माझ्याकडे एकच उपाय होता. सुकलेल्या गळ्यातून मी एक थेंब सोडला. मग आणखी एक.

वहिनींच्या ते लगेच लक्षात आले. मला वाटले, आता कोणाला तरी बोलावतील. त्यांनी माझ्याखाली एक वाटी ठेवली.

“म्हातारपणी डोळ्यांतून पाणी यायचंच,” त्या म्हणाल्या. “माझ्याही येतं.”

रोज सकाळी त्या वाटी ओतायला येऊ लागल्या. येत आणि दोन मिनिटे बोलत. गुडघा कसा आहे, चिमीचा फोन आला होता का, गीझर हल्ली कुरकुर करतो. खोटे कशाला बोलू? मला ते दिवस आवडत. मी मदतीसाठी थेंब सोडत होतो, आणि ती सकाळची दोन मिनिटे मिळावीत म्हणूनही सोडत होतो. दोघे एकटे, एका वाटीपुरते सोबतीला.

चिमीचा फोन ओट्यावरच वाजे, त्यामुळे त्यांचे बोलणे मला ऐकू येई. तिचा एकच धोशा होता.

“आई, इथे ये. खोली तयार आहे. एकटीने एवढं घर कशाला ओढतेस?”

“ओढत नाही, राहतेय.”

“आणि काही झालं तर?”

“काय होणार आहे? हे बघ चिमे, ज्या दिवशी मला हे घर सांभाळता येणार नाही, त्या दिवशी मी आपणहून बॅग भरीन. तुला सांगावंही लागणार नाही.”

“शब्द दिलास हं.”

“दिला.”

त्या दिवसापासून माझी झोप उडाली. कारण वहिनींचे त्या घरात राहणे ज्याच्यावर अवलंबून होते, त्याचे सांधे धरले होते आणि हे फक्त मला ठाऊक होते.

दादा गेल्याला नऊ वर्षे झाली होती. तो शुक्रवार होता. दुपारच्या गाडीने चिमी दोन दिवसांसाठी येणार होती, म्हणून वहिनी सकाळपासून उत्साहात होत्या. अकराच्या सुमारास माझ्या अंगातून एकदम पाण्याचा लोंढा सुटला. इतके पाणी माझ्यातून कित्येक वर्षांत गेले नव्हते. वरच्या न्हाणीघरात गीझरला पाणी पोचवणारी जाळीची नळी जुनी झाली होती. ती फुटली होती. थोड्याच वेळात जिन्यावरून पाणी पायरी-पायरीने खाली उतरताना ऐकू आले.

वहिनींच्या तोंडचे पाणी पळाले, पण त्या डगमगल्या नाहीत. आधी हात कोरडे केले, कोरड्या जमिनीवर उभे राहून विजेचा मेन स्विच बंद केला. मग तडक माझ्याकडे आल्या. बादली भिरकावली, वाटी बाजूला केली, जमिनीवर बसल्या. गळ्यातली पाटी त्यांनी मोठ्याने वाचली. “उजवीकडे बंद.” आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझे चाक मुठीत धरले.

मी जिवाचा आटापिटा केला, मित्रांनो. पाचरीला खाली ढकलले, दांडीला विनवले. काही हलले नाही. त्यांनी फडके गुंडाळून दोन्ही हातांनी जोर लावला. हलले नाही. मग त्या धडपडत उठल्या, लाटणे आणले, चाकाच्या आऱ्यांत अडकवले आणि सगळा भार टाकला. कट्‌ असा आवाज झाला आणि चाक फिरले.

“फिरला!” त्या ओरडल्या. त्यांच्या चेहऱ्यावरचा तो आनंद मला आजही पाहवत नाही. कारण मी फिरलो नव्हतो. माझी दांडी आतल्या आत तुटली होती. त्या चाक फिरवत राहिल्या, सात फेरे झाले, दहा झाले, चाक भिंगरीसारखे हलके फिरत राहिले आणि माझ्या पोटातून पाणी धो धो वाहत राहिले. बाराव्या फेऱ्याला त्या थांबल्या. कान देऊन ऐकले. मग माझ्याकडे बघत म्हणाल्या, “अहो, हे काय हो...” ते मला म्हणाल्या की दादांना, कोण जाणे. ऐन वेळी मी दगा दिला होता एवढे खरे.

रस्त्यावरून पाणी बंद करायला लांब चावी लागते, ती घरात नव्हती. बाहेरच्या विजेच्या खांबावर एका प्लंबरबाईंच्या नंबराची चिठ्ठी चिकटवलेली होती. वहिनींनी तो नंबर फिरवला. पलीकडचा आवाज घाई न करता बोलत होता.

“मावशी, मी पाऊण तासात पोचते. तोवर खालचे सगळे नळ पूर्ण सोडा, अंगणातलाही. म्हणजे वरचा जोर कमी होईल. आणि छत फुगलं असेल तर त्याच्याखाली थांबू नका.”

वहिनींनी तसे केले. खरेच वरचा लोंढा निम्म्यावर आला. पण पाऊण तास म्हणजे पाऊण तास. बाहेरच्या खोलीच्या छताचा गिलावा ढलप्या-ढलप्यांनी खाली आला. गाद्या भिजल्या. त्या फडकी पिळत होत्या, पाणी ढकलत होत्या आणि मग कधीतरी फडक्याचा आवाज थांबला. कपाटाचे दार उघडेच होते, त्यामुळे मला दिसले. स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यांनी एक बॅग आणून ठेवली आणि कपड्यांच्या घड्या एकेक करून तीत ठेवू लागल्या. त्या रडत नव्हत्या. ते मला जास्त लागले.

प्लंबरबाई आल्या त्या पंचेचाळिशीच्या असतील. कपाळाला दिवा बांधलेला, हातात लांब दांड्याची चावी. रस्त्यावरचे झाकण उघडून त्यांनी चावी फिरवली आणि घरातले पाणी थांबले. मग आत येऊन माझ्यासमोर मांडी घातली आणि माझे सैल चाक बोटाने फिरवून पाहिले.

“किती दिवस फिरवला नव्हता हा?”

“नऊ वर्षं.”

“का?”

वहिनींनी पदराने हात पुसले. “ह्यांनी शेवटचा ठेवला होता. तसाच ठेवला.”

 बाईंनी पान्याने माझी मान खोलली आणि मला उघडून कपाळावरचा दिवा आत टाकला. चाळीस वर्षांत आत पडलेला तो पहिला उजेड.

“मावशी, इकडे या. बघा. हा चुन्याचा थर. आणि पाचर कुठे उभी आहे बघा. अगदी वर टेकलेली नाही, वर नखभर जागा सोडली आहे. उघडून झाल्यावर पाव फेरा मागे घेतलाय. तुमचे मालक जाणकार होते.”

“नेहमी तसंच करायचे. का ते कधी कळलं नाही मला.”

“पूर्ण आवळून ठेवला की जागीच अडकतो आणि पुढच्या माणसाला कळत नाही, कुठल्या बाजूला फिरवायचा. पाव फेरा मागे ठेवला की तो दोन्हीकडे हलतो.” बाईंनी दिवा विझवला. “हे स्वतःसाठी करत नाहीत कोणी. पुढच्याच्या हातासाठी करतात. पण दोन-तीन महिन्यांनी तो हात यायला हवा ना, मावशी. नऊ वर्षं कोण तग धरील?”

वहिनी भिंतीला टेकून खाली बसल्या. “एकदा हात लावून तर बघ, म्हणायचे,” त्या म्हणाल्या, आणि मग मात्र त्यांना रडू आवरेना. बाईंनी त्यांना रडू दिले. पाना पुसत बसून राहिल्या.

थोड्या वेळाने वहिनींनी विचारले, “हाच नीट नाही होणार?”

“दांडी तुटली आहे, खाच खराब झाली आहे. काहीतरी बसवून देईन, पण परत अडकेल. खरं सांगू का? हा काढा. एका दांडीचा नवा घाला. चाक नाही, नुसती दांडी आडवी-उभी करायची. एका हाताने होतं, गुडघ्यावर बसावंही लागत नाही.”

“ह्याचं नुसतं धड तरी राहू दे ना भिंतीवर.”

“राहू देईन. पण मग नवा कुठे बसवू?”

वहिनींनी टेबलावरच्या बॅगेकडे पाहिले, मग माझ्याकडे. माझे काय म्हणणे होते, हे मला कोणी विचारले नाही. विचारले असते तर मी सांगितले असते की काढा मला, लवकर काढा. त्यांनी माझे चाक क्षणभर मुठीत धरले. हलक्या हाताने नव्हे, घट्ट. “काढा,” त्या म्हणाल्या.

बाईंनी करवत लावली. चाळीस वर्षांनी माझी पाठ भिंतीपासून सुटली आणि मी जुन्या वर्तमानपत्रावर आडवा पडलो.

चिमी आली तेव्हा नवा व्हॉल्व्ह बसून झाला होता आणि वर नवी नळी चढली होती. दारातच तिला ओला जिना दिसला, गिलाव्याचा ढीग दिसला आणि मग टेबलावरची बॅग.

“आई, अगं हे काय?”

“शब्द दिला होता तुला. भरली बॅग.” वहिनी उभ्या होत्या. “पण चिमे, निघायच्या आधी एक काम कर. वर जा आणि सगळे नळ सोड.”

“आता? आई, आज इतकं झालंय आणि—”

“जा म्हणते ना.”

चिमी वर गेली. पाणी सुटले. पहिल्यांदाच ते मला अंगातून कळले नाही; परक्यासारखे दुरून ऐकावे लागले. वहिनींनी वाकून नवी दांडी आडवी केली. वरचे पाणी तुटले. त्यांनी दांडी उभी केली, पाणी आले. पुन्हा आडवी, पुन्हा उभी. मग त्यांनी प्लंबरबाईंना घेऊन घरभर फिरून प्रत्येक लहान कॉक कुठे आहे ते पाहिले: गीझरच्या खालचा, संडासातला, अंगणातला. प्रत्येक स्वतःच्या हाताने बंद करून उघडला. एक कडक निघाला तर तिथेच बाईंकडून सैल करून घेतला. जाळीची नळी किती वर्षांनी बदलायची हे विचारून घेतले. चिमी मागे मागे फिरत होती. मध्येच तिने “पण उद्या काही झालं तर?” असे सुरू केले, तेव्हा वहिनी म्हणाल्या, “उद्या झालं तर मी बंद करीन. आज मला करता आलं नाही, कारण मी नऊ वर्षं नुसती बघत बसले.”

 चिमी स्वयंपाकघरात आली, बॅग उघडून रिकामी केली. भरलेले कपडे निम्मे ओलेच होते. तिने ते एकेक झटकले आणि अंगणातल्या दोरीवर वाळत घालायला घेऊन गेली.

निघताना प्लंबरबाईंनी मला उचलले. “मावशी, हा आठवण म्हणून ठेवणार का? धुऊन, पुसून देते.”

मी श्वास रोखला. वहिनींनी मला हातात घेतले, गळ्यातली पाटी सोडवून ओट्यावर ठेवली आणि माझ्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “नको. घेऊन जा. पितळ आहे, काहीतरी नवं होईल त्याचं.”

मला फार वाईट वाटले, मित्रांनो, ते लपवत नाही. रस्ताभर प्लंबरबाईंच्या पिशवीत मी त्याच एका वाक्याशी भांडत होतो. आता इतके दिवस झाल्यावर वाटते की त्यांनी माझ्यावर केलेली ती सर्वांत मोठी माया होती. त्यांनी मला पुन्हा कपाटात ठेवले नाही.

सध्या मी प्लंबरबाईंच्या पडवीत, मोडक्या नळांच्या डब्यात आहे. डबा भरला की आम्हाला भट्टीत नेतील. डब्यात गर्दी आहे, पण कोणी कोणाशी बोलत नाही. प्रत्येक जण आपापल्या घराच्या आठवणीत आहे. पहाट झाली की मी अजूनही त्याच एका नळाची वाट पाहतो.

वितळण्याआधी एकच मागतो. आज घरी गेलात की मोठ्यांना विचारा, आपल्या घराचे पाणी कुठून बंद होते. त्यांना सांगता आले तर ठीक. कोणालाच सांगता आले नाही, तर समजा की तुमच्या घरातही कोणीतरी अंधारात एकटे उभे आहे आणि त्याचे सांधे धरू लागले आहेत. दिवा घेऊन शोधा, आणि त्याला हात लावा.